‘इंजिन सेम, तर मॅप सेम’ या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या गाडीवेड्या मित्रमंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय: गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, ताकद वाढवणारी बदललेली फाइल स्वतःच टाका. आठवड्याभरात तो मला चौघांनी पाठवला. त्यातला एक माझा मावसभाऊ. त्याने नुकतीच सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली आहे आणि तो विचारतोय, ‘दादा, यातली कुठली टाकू?’

मेसेज लांब आहे, थोडक्यात देतो (ट्यूनर म्हणजे पैसे घेऊन ही फाइल बदलून देणारा, स्टॉक फाइल म्हणजे कंपनीची मूळ फाइल): ‘ट्यूनर वीस-तीस हजार घेतात आणि पाच मिनिटांत कॉपी-पेस्ट फाइल मारतात. इंजिन सेम, तर मॅप सेम. कंपनीने ताकद मुद्दाम लॉक करून ठेवलेली असते. ईसीयूत सेफ्टी असते, इंजिनला काही होत नाही. झालंच तर स्टॉक फाइल परत टाका, कुणाला कळणार नाही. पीयूसी पास होते, म्हणजे सगळं कायदेशीर. गाडी आपली, फाइल आपली. आपापल्या फाइली टाका, सगळ्यांचा फायदा.’

खाली एका फोल्डरची लिंक. मी तो उघडून बघितला. चाळीसेक फाइली आहेत. नावं ‘स्टेज वन फायनल’, ‘फुल पॉवर’, ‘मायलेज प्लस’ अशी. एकीबरोबरही लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरनी मोजलेल्या आकड्यांची नोंद, नाही. गाडी किती चाललेली होती, इंधन कुठलं होतं, हार्डवेअर काय होतं, कशाचाच उल्लेख नाही.

वाटण्याला माझा विरोध नाही. मला जे थोडंफार येतं ते दुसऱ्यांनी उघडपणे शिकवलं म्हणून येतं. पण माहिती वाटणं वेगळं आणि तयार फाइल वाटणं वेगळं. या मेसेजच्या नादाने पोरं चांगली इंजिनं घालवतील अशी मला खरोखर भीती वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘इंजिन सेम, तर मॅप सेम’

सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे, तेव्हा इथे जरा जास्त थांबतो.

मॅप म्हणजे आकड्यांचा तक्ता. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला लोड आणि मधल्या प्रत्येक घरात एक आकडा: इथे इतकं डिझेल सोड, इथे टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून) इतका बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, माग, इथे ठिणगी इतके अंश आधी टाक. आजच्या डिझेल गाडीच्या ईसीयूत असे शेकडो तक्ते असतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. तुम्ही पाय दाबला की आधी तुमची मागणी टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात, मोजली जाते. ती टॉर्कच्या मर्यादेतून गाळून निघते. मग तिचं मिलिग्रॅम डिझेलमध्ये रूपांतर होतं. धुराचा लिमिटर बघतो की एवढं डिझेल जाळायला आत हवा पुरेशी आली आहे का. शेवटी इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरतं. ही सगळी साखळी त्या गाडीच्या टर्बोवर, इंजेक्टरवर आणि सेन्सरवर बेतलेली असते.

आता ‘सेम’ म्हणजे काय ते बघू. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल आपल्या रांजणगावात बनायचं. याच घराण्याचं इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे ताकदीचं माप) आसपासच्या अवताराला साधा, स्थिर पात्यांचा टर्बो आहे. ९० पीएसच्या आसपासच्या अवताराला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो आहे, ज्याची पाती ईसीयू हलवतो. दोन्ही ‘एक पॉइंट तीन मल्टिजेट’च. पण एकाच्या फाइलमध्ये पाती किती उघडायची याचे तक्ते आहेत आणि दुसऱ्या गाडीत ती पातीच नाहीत. फोल्डरमध्ये मात्र या दोन्हींना मिळून एकच नाव दिलेलं आहे.

मॉडेल, साल, टर्बो सगळं जुळलं तरी सॉफ्टवेअरचा नंबर जुळतोच असं नाही. कंपनी अधूनमधून कॅलिब्रेशन, म्हणजे तक्त्यांतले आकडे, बदलते. २०१५ च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने भारतातल्या ३ लाखांहून जास्त डिझेल गाड्या परत बोलावल्या, त्या दुरुस्तीत सॉफ्टवेअर नव्याने भरणं होतं. म्हणजे चाकणहून एकाच महिन्यात निघालेल्या दोन पोलोंपैकी एक दुरुस्तीला गेली आणि दुसरी गेली नाही, तर आज त्यांच्या ईसीयूत वेगवेगळा मजकूर आहे. आवृत्ती बदलली की तक्त्यांची जागा सरकते. एकीची फाइल दुसरीत टाकली तर नशीब चांगलं असल्यास गाडी चालूच होणार नाही. नशीब वाईट असेल तर चालू होईल.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही जुळलं असं धरू. मग हवा येते. बूस्टची मागणी ईसीयूत बहुतेक वेळा निरपेक्ष दाबात, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, लिहिलेली असते. समजा फाइल २३०० मिलिबार मागते. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १०१३ च्या आसपास, म्हणजे टर्बोला हवा २.२७ पट दाबायची आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथे बाहेरचा दाब साधारण ९४८, म्हणजे २.४३ पट. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, दाब ८६० च्या जवळ, म्हणजे २.६७ पट. आकडा तोच, पण तो गाठायला टर्बोला वर जास्त वेगाने फिरावं लागतं. कंपनीच्या फाइलमध्ये यासाठी वेगळा तक्ता असतो, जो उंची वाढली की बूस्टची मागणी कमी करतो. घाईत केलेल्या फाइलींमध्ये तोच तक्ता सपाट केलेला सापडतो, कारण किनाऱ्यावरच्या शहरात बसून फाइल करणाऱ्याला त्याची कधी गरजच पडलेली नसते.

पेट्रोल गाडीत इंधनाचाही प्रश्न येतो. फोल्डरमधल्या काही पेट्रोल फाइली उघडपणे युरोपातून आलेल्या आहेत. तिकडे साधं पेट्रोलच ९५ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन जास्त तर पेट्रोल दाबाखाली आपोआप लवकर पेटत नाही). आपल्याकडे साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ होतं. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं हे खरं, पण त्याला हवाही कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. ईसीयू लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बघून हे सुधारतो, पण पाय पूर्ण दाबलेला असताना बऱ्याच जुन्या गाड्या सेन्सरकडे न बघता तक्त्यावरच चालतात. तीन वर्षांपूर्वी कुणी एक्सपी-१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरून जुळवलेली फाइल आज कर्वे रोडवरच्या पंपावर साधं पेट्रोल भरणाऱ्या गाडीत घातली तर ते मोजमाप कशाचंच उरत नाही.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. केटीएम ३९० या मोटरसायकलचं जुनं ३७३ सीसीचं इंजिन चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेलं, आणि स्पर्धेसाठी छोटी रेसिंग गाडी बनवणाऱ्या कॉलेजांच्या कितीतरी फॉर्म्युला टीम ते वापरतात. पेट्रोलवरच्या गाडीला इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (हवा अडवणारं अरुंद भोक) लावावाच लागतो, तसा नियमच आहे. म्हणजे इंजिन तेच आणि हवेचं भोकही त्याच मापाचं. माझा भाचा अशा एका टीममध्ये होता. दुसऱ्या कॉलेजच्या पोरांनी मोठ्या मनाने आपला मॅप दिला. गाडी चालू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वरच्या फेऱ्यांत मिश्रण लीन जायला, म्हणजे त्यात इंधन कमी पडायला लागलं. यांच्या प्लेनमचा, म्हणजे हवा साठवणाऱ्या डब्याचा, आकार वेगळा होता, तिथून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीची, रनरची, लांबी वेगळी होती. शेवटी मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून, रात्र-रात्र जागून पोरांनी तक्ता घराघराने स्वतः भरला. एकसारख्या इंजिनाला, एकसारख्या नियमात, नुसत्या एका डब्याच्या आकाराने मॅप बदलावा लागला. लाखभर किलोमीटर झिजलेल्या चार इंजेक्टरच्या गाडीचं काय होईल ते यावरून समजावं.

‘ट्यूनर पाच मिनिटांत कॉपी-पेस्ट मारतात’

हे अर्धं खरं आहे आणि तेवढं मी मान्य करतो. तयार फाइल टाकून ‘कस्टम’ म्हणून पैसे घेणारे लोक आहेत. त्यांच्यावरचा राग रास्त आहे. पण मग त्याच कॉपी-पेस्ट फाइली फुकट वाटून आपण काय मिळवलं? वाईट माल होता तो वाईटच राहिला, नुसता फुकट झाला.

चांगला ट्यूनर पैसे घेतो ते फाइल भरण्याचे नाहीत. तो आधी तुमच्या गाडीचा लॉग काढतो. क्लच, इंजेक्टर, बूस्टच्या पाइपांची गळती तपासतो. कधीकधी ‘आधी हे दुरुस्त करा, मग या’ म्हणून परत पाठवतो. फाइल भरल्यावर पुन्हा लॉग काढतो, बदल करतो, पुन्हा काढतो. हे करत नसेल त्याला पैसे देऊ नका. आधीचा आणि नंतरचा लॉग मागा. देत नसेल तर दुसऱ्याकडे जा.

राहिली पाच मिनिटं. घरच्या पार्किंगमध्ये क्लोन (नकली) केबल लावून, बॅटरीला चार्जर न जोडता ईसीयू लिहायला घेतला आणि मध्येच व्होल्टेज पडलं, तर गाडी टोइंगवरच जाते. हे मी सोसायटीत डोळ्यांनी बघितलं आहे.

‘कंपनीने ताकद लॉक करून ठेवलेली असते’

वाव ठेवलेला असतो हे खरं, पण तो कुणासाठी तरी ठेवलेला असतो. लडाखला जाणाऱ्यासाठी. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावून चार माणसं नेणाऱ्यासाठी. दोन सर्व्हिस चुकवणाऱ्यासाठी, भेसळीचं डिझेल भरणाऱ्यासाठी, तीन लाख किलोमीटर चालवणाऱ्यासाठी. कंपनीला एकच फाइल या सगळ्यांना द्यायची असते. तुम्ही यांतले कुणीच नसाल, गाडीची निगा नीट राखत असाल, तर त्यातला थोडा वाव मोजूनमापून वापरता येतो. स्टेज वन, म्हणजे सुटे भाग न बदलता नुसत्या फाइलने ताकद वाढवणं, हे त्यावरच चालतं, यात खोटं काही नाही.

पण वाव सगळीकडे सारखा नसतो. पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, म्हणजे कोरड्या क्लचच्या डीक्यू-२०० ला, २५० न्यूटन मीटर टॉर्कची मर्यादा आहे. १.२ टीएसआय इंजिन कंपनीकडून १७५ देतं. कागदावर ७५ न्यूटन मीटर मोकळे पडलेले दिसतात. संध्याकाळी सहाला कर्वे रोडवर तास काढा. गाडी इंचाइंचाने सरकते, क्लच अर्धवट जोडलेल्या अवस्थेत तापत राहतो. तो वाव तिथे खर्च होत असतो. मॅन्युअल गाडीसाठी केलेली, खालच्या फेऱ्यांत टॉर्क झटकन वर नेणारी फाइल अशा गिअरबॉक्सवर घातली की आधी मार क्लच खातो.

टर्बो पेट्रोलला याहून वाईट एक प्रकार आहे, लो स्पीड प्री-इग्निशन. वरच्या गिअरमध्ये, पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवर एकदम पाय दाबला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना गिअर न उतरवता पाय दाबणारे रोज दिसतात, तीच ही परिस्थिती. साधा नॉक झाला, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं, तर ईसीयू ठिणगी उशिरा टाकून गाडी सांभाळतो. इथे ठिणगीच्या आधीच पेट घेतलेला असतो, ठिणगी मागे ओढून उपयोग काय? पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते, कधी एकाच दणक्यात. खालच्या फेऱ्यांत बूस्ट फुगवून ‘पिकअप’ दाखवणाऱ्या फाइली नेमका हाच धोका वाढवतात आणि वाटल्या जातात त्या याच.

‘ईसीयूत सेफ्टी असते, आणि झालंच तर स्टॉक फाइल आहेच’

आता माझी गोष्ट.

चार वर्षांपूर्वी माझ्या दीड लिटरच्या डिझेल हॅचबॅकमध्ये मी अशीच फाइल घातली. ओळखीतून आली होती, चेन्नईच्या एका गाडीची. मॉडेल तेच, सॉफ्टवेअरचा नंबरही तोच. तेवढं मी तपासलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. गाडी पळायला लागली. डॅशबोर्डवरचं मायलेज लिटरमागे दोन किलोमीटरने वाढलं. मी चार लोकांना सांगितलं की ताकदही वाढली आणि मायलेजही.

एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला निघालो. साताऱ्याच्या बाजूला जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावा लागायचा, येताना बोगदा होता. निम्म्या घाटात आरशात काळा धूर दिसला. टर्बोच्या शिट्टीचा सूर बदलला आणि मग गाडीतला जीवच गेला. ट्रक मागून हॉर्न देत होते, आई मागच्या सीटवर गप्प झाली होती. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.

गाडी टोइंगने सिंहगड रोडवरच्या आमच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी पाइप काढला, आत तेल. टर्बोचा शाफ्ट हाताने हलत होता. मी म्हटलं, ‘मिस्त्री, पण चेक इंजिनची लाइट लागलीच नाही.’ ते म्हणाले, ‘लागणार कशी साहेब? फाइलमध्ये लाइटच मारून टाकलीये.’

नंतर मी ती फाइल स्टॉक फाइलशेजारी उघडून बसलो, आणि तेव्हा हा विषय मला खऱ्या अर्थाने कळायला लागला. फाइल करणाऱ्याने ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारा झडपेचा भाग, बंद केला होता आणि त्याचा एरर येऊ नये म्हणून एरर कोडही बंद केले होते. एक-दोन नाही, ओळीने बरेच. त्यात बूस्ट मागणीपेक्षा जास्त होतोय हे सांगणारा कोडही गेला होता. उंचीचा तक्ता सपाट होता. आणि डिझेल वाढवलं होतं ते मागणीच्या तक्त्यात नाही, शेवटच्या टोकाला, इंजेक्टर उघडा ठेवण्याच्या वेळेत. म्हणजे ईसीयू समजत होता की आपण ४५ मिलिग्रॅम सोडतोय, आणि आत जात होतं त्याहून बरंच जास्त. टॉर्कची मर्यादा आणि धुराचा लिमिटर दोघेही प्रामाणिकपणे काम करत होते, खोट्या आकड्यावर. मायलेजचं कोडंही तिथेच सुटलं. डॅशबोर्ड मायलेज काढतो ते ईसीयूला माहीत असलेल्या डिझेलवरून. डिझेल लपवलं की मायलेज वाढलेलं दिसणारच. टाकी फुल करून किलोमीटर मोजले असते तर पहिल्या आठवड्यात समजलं असतं. ‘मायलेज प्लस’ नावाच्या फाइली ज्यांनी घातल्या आहेत त्यांनी हे एकदा जरूर करून बघावं.

तेव्हा ईसीयूत सेफ्टी असते हे अगदी खरं. ती त्याच फाइलमध्ये असते जी तुम्ही बदलताय.

स्टॉक फाइल परत टाकून टर्बोचा शाफ्ट सरळ होत नाही. मला ५२,००० रुपये लागले. आणि ‘कुणाला कळणार नाही’ हेही तितकंसं खरं नाही. बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी राहते. बदललेली फाइल आत असेल तर ओबीडीवरून, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटवरून, कॅलिब्रेशनचा पडताळणी आकडा वाचता येतो आणि तो कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही. काही कंपन्यांच्या सिस्टिममध्ये अशा गाडीवर कायमची खूण पडते आणि वॉरंटी तिथेच संपते.

‘पीयूसी पास होते, म्हणजे कायदेशीर’

डिझेलच्या पीयूसीत गाडी उभी असते, गिअर न्यूट्रलला, आणि पाय दाबून धुराची दाटी मोजतात. घाटात लोडखाली जो धूर येतो तो तिथे दिसत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर पीयूसी मोजतच नाही, आणि ईजीआर बंद केल्यावर वाढतात ते नेमके तेच. ते डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासात जातात.

नुसत्या सॉफ्टवेअरने किती फरक पडतो हे पुण्याने जवळून बघितलं आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर वेगळंच वागतात हे जगासमोर आलं. भारतात तपासणी केली ती आपल्या टेकडीवरच्या एआरएआयने, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेने, आणि त्यानंतर वर सांगितलेल्या गाड्या परत बोलावल्या गेल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला ज्या गोष्टीसाठी जगभर जाब द्यावा लागला, ती आपण पार्किंगमध्ये केबल लावून केली म्हणून बिनदोष होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या दुसऱ्या पोटकलमात प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि तीन महिने लायसन्सही जातं. बीएस-६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, काढून त्याची फाइल वाटणाऱ्यांनी हे वाचावं.

‘गाडी आपली, फाइल आपली’

इथे माझं मन मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. विकत घेतलेल्या वस्तूच्या आत डोकावण्याचा हक्क माणसाला असायलाच हवा. अमेरिकेत यासाठी लोक भांडले, आणि २०१५ मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात गाडीच्या मालकाला दुरुस्तीसाठी आणि बदलासाठी सॉफ्टवेअर उघडायची सूट मिळाली.

आपल्याकडचा योगायोग बघण्यासारखा आहे. दोन कायदे आहेत आणि दोन्हींतलं कलम ५२ आपल्या विषयाचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की रीतसर मिळालेल्या प्रोग्रॅमचा अभ्यास करणं, स्वतःच्या बिगर-व्यापारी वापरासाठी त्याची प्रत काढणं किंवा त्यात बदल करणं हा भंग नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेतील असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कलम १८२-अ ची जोड मिळाली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे घरी बसून फाइल उघडा, तक्ते वाचा, शिका, याला पहिला कायदा वाट देतो. बदललेली गाडी रस्त्यावर आणताना दुसरा अडवतो. आणि पहिल्यातली सूटही ‘स्वतःच्या वापरासाठी’ एवढीच आहे. फोल्डर भरून वाटणं त्यात बसत नाही.

शिवाय त्या चाळीस फाइली वाटणाऱ्यांच्या तरी कुठे आहेत? कुणा ट्यूनरने महिनोन्‌महिने बसून केलेलं काम, गिऱ्हाइकाच्या गाडीतून वाचून काढलेलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

एक गोष्ट फाइल टाकणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. फोल्डरमधल्या काही फाइली आकाराने मोठ्या आहेत, म्हणजे ईसीयूचा पूर्ण बॅकअप आहे. अशा बॅकअपमध्ये इमोबिलायझरची, म्हणजे किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची, माहिती असते आणि चेसिस नंबरही असतो. मी तीन फाइली हेक्स एडिटरमध्ये उघडल्या, दोन गाड्यांचा चेसिस नंबर सरळ अक्षरांत वाचता आला. त्या दोन मालकांनी आपल्या गाडीच्या किल्लीची माहिती शेकडो अनोळखी लोकांना देऊन ठेवली आहे. आपली फाइल त्यात असेल तर आजच काढा.

मग वाटायचं काय?

जगात ज्यांनी हे नीट केलं त्यांच्याकडे बघावं. सुबारूवाल्यांनी रोमरेडर नावाचं मोफत, खुलं साधन उभं केलं. त्यात वाटल्या जातात त्या मुख्यतः डेफिनिशन, म्हणजे कुठल्या आवृत्तीत कुठला तक्ता कुठे आहे आणि त्यातला आकडा कशात मोजायचा याचा नकाशा. स्पीडुइनो आणि मेगास्क्वर्ट या स्वतः जुळवायच्या ईसीयूंवाले बेस मॅप, म्हणजे सुरुवातीचा मॅप, देतात, पण तो इंजिन चालू होण्यापुरता आहे, पुढचं तुमच्या गाडीवर मोजून भरा, हे ठणकावून सांगतात.

आपल्याकडे सुरुवात लॉगने करता येईल. स्टॉक गाडीचा लॉग, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) आणि मिळालेलं, आत येणाऱ्या हवेचं तापमान, पेट्रोल असेल तर प्रत्येक सिलिंडरला ठिणगी किती मागे ओढली गेली. बरोबर सॉफ्टवेअर नंबर, किलोमीटर, इंधन, जागा आणि तारीख. पुण्यातल्या एकाच मॉडेलच्या दहा गाड्यांचे असे लॉग शेजारी ठेवले तर कुणाच्या बूस्टच्या पाइपाला गळती आहे, कुणाचा इंजेक्टर गेलाय, हे कुठलीही फाइल न टाकता दिसेल. माझ्या टर्बोच्या आधीचे आणि नंतरचे लॉग मी द्यायला तयार आहे, ती बिघडलेली फाइलही स्टॉकशी तुलना करून, कुठला तक्ता का चुकीचा ते लिहून, चेसिस नंबर पुसून दाखवीन. टाकण्यासाठी नाही, वाचण्यासाठी.

मावसभावाला उत्तर दिलंय: यातली कुठलीच टाकू नकोस. आधी तुझी गाडी आज काय करतेय ते बघू. शनिवारी सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत. टाकी नेहमीच्या पंपावर भरून आण आणि पावती ठेव. डोंगल आणि लॅपटॉप मी घेतो.